शिक्षा द्यायला हवी का?

निवू मांडीवर झोपली की मला चाळीसेक मिनिटं मिळतात. आठ महिन्यांच्या लेकीने दिलेला वेळ, त्यात लॅपटॉपची बटणंसुद्धा हळू दाबायची. त्या दुपारी जेमतेम पाच मिनिटं झाली असतील, आणि मी पडद्यावरच्या एका आकड्यापाशी थिजले.

मुलींच्या शिक्षणाबद्दल आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात दोनशे घरांत विचारलेला प्रश्न. हिंदी बोलणाऱ्या एकशे चाळीस घरांपैकी एकशे एकतीस ‘हो’. आमच्या गोरखी भागातल्या साठ मराठी घरांपैकी फक्त एकोणीस. बाकी एक्केचाळीस म्हणत होती, नको.

मुलींसाठी संध्याकाळचा गणिताचा वर्ग कुठे काढायचा, ते आमची संस्था यावरून ठरवणार होती. घरच्यांचीच तयारी नाही, तिथे वर्ग नाही. तक्ता चार वाजता पाठवायचा होता.

बेरीज पुन्हा केली. रकाने उलटसुलट झालेत का पाहिलं. नाही. साठही फॉर्म मीच भरले होते, निवूला कडेवर घेऊन. पहिला तर आमच्याच घरचा. इंदुताई, वय बासष्ट, शिक्षण एमए. उत्तर: नको.

माझ्या सासूबाई! मी कामाला बसते तेव्हा लेकीला ज्यांच्या हवाली करते, त्या!

निवूला तशीच उचलून स्वयंपाकघरात गेले. त्या मटार सोलत होत्या.

“आई, हिला शाळेत घालायचं नाही?”

“कोण म्हणतं?”

“तुम्ही. फॉर्ममध्ये.”

“मी? सायकल दामटत कॉलेजात गेलेली बाई मी! डोकं ठिकाणावर आहे ना तुझं, अपर्णा?”

“मग मी विचारलं तेव्हा ‘मुळीच नको’ का म्हणालात?”

“तू विचारलंस काय?”

मी शब्द न् शब्द म्हणून दाखवला. “मुलीला शिक्षा द्यायला हवी का?”

शेंग त्यांच्या हातातच राहिली. “शिक्षा? एवढ्याशा जिवाला? नकोच म्हणणार! मला तर वाटलं, सूनबाईंना झालंय तरी काय, अंगावर पिणाऱ्या पोरीला मारू का विचारतेय!”

फॉर्म हिंदीत होता, ‘शिक्षा दी जानी चाहिए?’ मराठी घरांत मराठीत विचारावं म्हणून मी क्रियापद बदललं. शिक्षा, हिंदीतलं शिक्षण, तशीच राहिली. माझी शाळा, कॉलेज सगळं हिंदीत. साठ दारांत उभी राहून मी पोरींना मारायचं का, ते विचारत फिरले होते.

संस्थेतल्या गरिमा मॅडमना फोन लावला. त्या हसत सुटल्या. “अरे तो उलट दो न! ना को हाँ, हाँ को ना. चार बजे भेज दो.”

क्षणभर मोह झाला. सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “उलटवतेस कशी? न मारणारे सगळे शिकवतातच, असं थोडंच आहे? आणि मारणारे पण शाळेत पाठवतातच की.”

खरंच. जे विचारलंच नाही, त्याचं उत्तर आकड्यांत येणार कुठून?

“मॅडम, मराठी वाले साठ हटा दीजिए. गलती मेरी है. मैं फिर से पूछूँगी.”

“शनिवार तक, अपर्णा. उसके बाद नहीं.”

फोन ठेवला, आणि मग ते एकोणीस डोळ्यांपुढे आले. हो म्हणणारे. चहापाणी विचारून, निवूचा गाल कुरवाळून हो म्हणणारे.

त्यांच्यापासूनच सुरुवात केली. मागच्या गल्लीतल्या शालिनीताईंनी हसत दार उघडलं. या वेळी मी सांभाळून विचारलं, “मुलीला शिकवायचं ना?”

“म्हणजे काय! खूप शिकवायचं.”

मी ‘हो’ लिहिलं. मागे त्यांची अकरा वर्षांची मुलगी उभी होती.

“आणि ते तू मागे विचारलेलंस ना, शिक्षेचं,” शालिनीताई म्हणाल्या, “बरं झालं हो. हे आधी मला रागवायचे, पोरीवर हात उचलू नको म्हणून. मी म्हटलं, आता फॉर्मवाले पण विचारताहेत, म्हणजे माझं काही चुकत नाही.”

मी ती चूक, तो शब्द, सगळं त्यांना समजावलं. त्या ओशाळल्या, मग जरा रागावल्या, मग चहा ठेवायला आत गेल्या.

मुलगी पुढे आली. निवूच्या पावलाला तिने हळूच बोट लावलं.

“काकू, गणिताचा क्लास आपल्या इथे होणार?”

“शनिवारी कळेल. मी सगळ्यांना पुन्हा विचारतेय.”

“तिथे मारतात?”

“नाही गं,” मी म्हटलं. “मी स्वतः येऊन बसेन.”

आणि पुढच्या अठरा घरांकडे निघाले.