डोंगरावरचा किल्ट

फार्कर मॅक्रेच्या मते किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा चुणीदार लोकरी घागरा, घालण्याचे प्रसंग आयुष्यात तीनच: लग्न, मयत आणि एडिनबरोहून आलेला फोटोग्राफर. पैकी पहिले दोन टाळता येत नाहीत, म्हणून तो घालत असे. डोंगरावर मात्र तो उभी हयात ट्वीडच्या जाड लोकरी कापडाच्या आखूड विजारीत हिंडला होता. गुडघ्याखाली पट्टा आवळायचा, जाड मोजे वर ओढायचे आणि चालू पडायचं. इस्टेटीवर शिकारीला आलेल्या पाहुण्यांना हरणाच्या टप्प्यात नेऊन सोडणं हे त्याचं काम. गोळी पाहुण्याची, सरपटणं दोघांचं, आणि हरीण निसटलं तर दोष फार्करचा, अशी वाटणी त्याच्या बापापासून चालत आलेली होती.

यंदा इस्टेट विकली गेली आणि नवा मॅनेजर आला. 'मला नुसतं क्रिस्पिन म्हणा,' असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला, आणि तेव्हापासून फार्कर त्याला काहीच म्हणेनासा झाला. सप्टेंबरात क्रिस्पिनने फर्मान काढलं, की पाहुणे एवढे समुद्र ओलांडून येतात ते स्कॉटलंडच्या डोंगरातला खरा हायलँडर बघायला. तेव्हा यापुढे डोंगरावर किल्ट. त्याच संध्याकाळी फार्करने पबमध्ये सगळ्या खोऱ्याच्या साक्षीने जाहीर केलं, की आपण या इस्टेटीवर आहोत तोवर किल्ट हा डोंगर चढणार नाही. लोकांनी टेबलं बडवली. पोस्टमन अँगसने फक्त, उतरताना चालेल का, एवढंच विचारून घेतलं.

हे क्रिस्पिनच्या कानावर गेलं आणि तो रागावला नाही, इथे सगळी पंचाईत झाली. तो घरी आला, चहा प्यायला, आणि म्हणाला, की जबरदस्ती मुळीच नाही. "एक दिवस घालून बघा, फार्कर. मग तुम्ही सांगाल ते शेवटचं. तुमचा शब्द."

समोरचा असा गोड बोलला की माणूस अडकतो. फार्करने मान हलवली. त्यात त्याला एक सोयही दिसली: दिवसभर घालायचा, संध्याकाळी 'साफ निकामी' म्हणायचं, विषय संपला. शिकारीच्या बाबतीत तो कधी खोटं बोललेला नव्हता. पाहुण्यांच्या नेमबाजीबद्दल बोलला होता, पण ते पोटासाठी. इथे तर खोटं बोलायची वेळच येणार नव्हती, याची त्याला खात्री होती.

डोलिनाने, म्हणजे त्याच्या बायकोने, सासऱ्याचा जुना किल्ट शोधून काढला. डोंगरावरचं हेदरचं झुडूप सुकल्यावर होतो तसला मातकट रंग, कडेला कसर लागलेली.

"तुझा बाप मरेपर्यंत यातच डोंगर चढला," ती म्हणाली.

"बाप मरेपर्यंत कोणाचं ऐकत पण नव्हता."

"आत काय घालणार आहेस?"

"हा प्रश्न लोक शेकडो वर्षं विचारतायत."

"लोक विचारून घरी जातात. धुवायचं मला असतं." असं म्हणून तिने एक जुनी फुटबॉलची चड्डी त्याच्या अंगावर फेकली. ती त्याने मुकाट्याने घातली.

पाहुणी निघाली डेन्मार्कची दातांची डॉक्टर. बिर्गिट कोफोड नाव, पन्नाशीची, कमी बोलणारी. सरपटण्याचा नियम असा, की वाटाड्या पुढे आणि पाहुणा त्याच्या टाचांना नाक लावून मागे. या नियमाचा फार्करने आजवर असा कधी विचार केला नव्हता. त्याने घसा खाकरून आधीच थोडी माफी मागून ठेवली.

"मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघत आलेय," बाई म्हणाल्या. "मला आता कशाचं काही वाटत नाही."

ऑक्टोबरचा पाऊस आडवा येत होता. पहिल्या ओढ्यात उतरताना फार्कर नेहमीच्या त्रासाची वाट बघत होता. एरवी विजार भिजते, पाणी मांडीपर्यंत चढतं, आणि मग दिवसभर प्रत्येक पावलाला ओलं पोतं गुडघा मागे ओढत राहतं. आज पाणी पायाला लागलं आणि निघून गेलं. कमरेभोवती लोकरीच्या चुण्यांचा जाड थर होता, पाठ उबदार होती. कैक वर्षं कुरकुरणारा उजवा गुडघा गप्प होता. दुसऱ्या ओढ्याला फार्करला संशय आला. तिसऱ्याला त्याला राग आला. हेच त्याचा बाप दर रविवारी जेवताना ऐकवायचा आणि हाच वाद दर रविवारी व्हायचा. बाप हवामानात चुकला, बटाट्यांत चुकला, डोलिनाबद्दल तर साफ चुकला. नेमका इथेच तो बरोबर असावा, हा म्हाताऱ्याचा शुद्ध खोडसाळपणा होता.

दुपारनंतर खालच्या उतारावर हरीण दिसलं. म्हातारा नर, शिंगं झिजत आलेली, बरगड्या मोजता येतील असा. पहिल्या बर्फात गेलाच असता. टप्प्यात यायचं तर पाय पुढे करून उताणं घसरत जायला हवं होतं. फार्कर घसरला, आणि किल्ट जागच्या जागी राहिला. म्हणजे फार्कर खाली गेला आणि किल्ट बगलेपर्यंत वर आला. सूर्याने कधी न पाहिलेल्या दोन पांढऱ्याफटक मांड्या डोंगरावर उघड्या पडल्या.

हरणाने मान वर केली.

आता नुसता एक पाय हलवला असता तरी काम झालं असतं. हरीण पळालं असतं, किल्ट बदनाम झाला असता, आणि संध्याकाळचे दोन शब्द शंभर टक्के खरे ठरले असते. फार्करला हे लख्ख कळत होतं. पण ज्या अंगाला आयुष्यभर 'हलू नको' एवढंच शिकवलं, ते अंग आता मालकाचंही ऐकेना. तो मांड्यांवर पाऊस घेत पडून राहिला. हरणाने त्या मांड्या धोंड्यांत जमा केल्या असाव्यात. त्याने पुन्हा मान खाली घातली. मग बाई हळूच शेजारी घसरत आल्या. एकच गोळी, आणि हरीण जागेवर बसलं.

हरीण साफ करून ओढत आणेपर्यंत फार्कर मनात दोन शब्द घोळवत होता. साफ निकामी. एका बाजूला पब, बडवलेली टेबलं आणि अँगसचं तोंड. दुसऱ्या बाजूला कोरडा, न दुखणारा एक गुडघा. तसं पाहिलं तर सामना एकतर्फीच होता.

वाटेच्या तोंडाशी क्रिस्पिन गाडी घेऊन उभा होता. त्याने काही विचारायच्या आतच फार्कर बोलून मोकळा झाला.

"किल्ट बरा आहे. विजारीपेक्षा बरा. भिजत नाही, गुडघा धरत नाही. माझंच चुकत होतं."

यातलं शेवटचं वाक्य डोलिनाला लग्नापासून आजवर ऐकायला मिळालेलं नव्हतं.

"किल्ट?" क्रिस्पिनने क्षणभर आठवून पाहिलं. "अरे हो. ते रद्द झालं, फार्कर. विमावाले नाही म्हणाले. उघडे पाय, गोचीड, त्याचे ते ताप. सोमवारपासून सगळ्यांना प्लास्टिकच्या विजारी. मागच्याच आठवड्यात ठरलं, तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही खूश व्हाल म्हटलं."

"आणि माझा शब्द?"

"फार मोलाचा आहे," क्रिस्पिन मनापासून म्हणाला आणि हरणाबरोबर बाईंचा फोटो काढायला गेला.

प्लास्टिकची विजार चालताना बिस्किटाच्या पुड्यासारखी वाजते आणि ते खोऱ्यापलीकडच्या हरणांनाही ऐकू जातं, हे सांगायचं फार्करच्या ओठांवर आलं होतं. पण आजच्यापुरतं त्याचं बोलून झालं होतं.

रात्री डोलिनाने त्याच्या गुडघ्यामागून चिमट्याने दोन गोचीड काढले. "म्हणजे विमावाले पण बरोबर," ती म्हणाली. त्याने सगळं सांगितलं. मग सोमवारी काय घालणार, असं तिने विचारलं. त्याने, दमलोय, एवढंच सांगितलं आणि कूस बदलली.

सोमवारी नवी विजार गाडीच्या मागच्या सीटवर, घडी न मोडता पडून होती. फार्कर बापाच्या किल्टमध्ये डोंगराला लागला तेव्हा मागे ऑफिसच्या दारातून क्रिस्पिनने त्याला नावाने हाक मारली. मग आणखी एक. वारा समोरून होता. अशा वाऱ्यात मागची हाक ऐकू येत नाही असं फार्करने ठरवलं, आणि आता पबमध्ये काय सांगायचं, याचा विचार करत तो पहिल्या ओढ्यात उतरला.