फेतूच्या वाट्याच्या ओळी

गुरुवारी वाइमोआना चर्चच्या पाळकांच्या बायकोच्या, पाळकीणबाईंच्या ओसरीवर मांडी घालून बसली आणि मनाचा हिय्या करून एकदाचं बोलली.

"बाई, यंदा मुलांच्या रविवारचा कार्यक्रम दुसऱ्या कुणाकडे द्या. मला काही सुचतच नाही. तान्हा झोपू देत नाही, आणि फेतू... सहा वर्षांची पोर, माझ्याशी बोलेनाशी झालीय. ती हातातून सुटेल अशी भीती वाटते."

पाळकीणबाईंनी तिच्या हातावर थोपटलं. "प्रार्थना करते हं तुझ्यासाठी."

आणि रविवारी उपासना संपता संपता त्यांनी भर चर्चमध्ये पुकारलं: मुलांची नाटुकली, गाणी, पडदे, सगळं नेहमीप्रमाणे आपली वाइमोआना! टाळ्या पडल्या. चर्चमध्ये पुकारलेलं नाव मागे घ्यायचं म्हणजे अख्ख्या घराण्याला खाली बघायला लावायचं. तिची सासू मातालेना तर मान ताठ करून चौफेर बघत होती.

"मी नाही म्हणाले होते त्यांना," वाटेत वाइमोआना म्हणाली.

"मग काय झालं? नवरा तिकडे न्यूझीलंडात सफरचंदं तोडून कंबर मोडून घेतोय. तुला चार गाणी जुळवायची जड झाली?"

पूर्वी तिला लंगोट धुता धुता चाली सुचायच्या. कॉलेजात राजधानीला, आपियाला होती तेव्हा तर बसमध्येही. आता डोक्यात नुसती घरघर. प्रत्येक मुलाला म्हणायला वेगळ्या ओळी हव्यात, एकासारख्या दुसऱ्याला चालत नाहीत. त्यात आया दारात येऊन उभ्या.

"माझ्या टोआला आखूड देऊ नकोस बाई. गेल्या वर्षी त्याच्या चुलतभावाला केवढं होतं!"

तान्ह्याला पाजता पाजता ती लिहीत होती, जुन्या चादरींवर बायबलातल्या यरीहो नगराची भिंत रंगवत होती. फेतू येऊन विचारायची, "आई, माझ्या ओळी?"

"थांब गं. आधी लोकांच्या होऊ देत."

पुढे फेतूने विचारणं सोडलं. वाइमोआनाच्या ते लक्षात आलं, आणि खरं सांगायचं तर तिला जरा सुटल्यासारखंच वाटलं.

मुलांचा रविवार उजाडला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली पोरं एकेक करून पुढे येत होती, धडाधड म्हणत होती, आया तोंड हलवून साथ देत होत्या. फेतू उठली तेव्हा पडद्याआड तान्ह्याला घेऊन उभ्या असलेल्या वाइमोआनाला एकदम आठवलं. फेतूच्या ओळी तिने लिहिल्याच नव्हत्या. सगळ्या गावाच्या पोरांच्या लिहिल्या, पोटच्या पोरीच्या राहिल्या.

फेतूने एकदा पडद्याकडे पाहिलं. मग हात मागे बांधून खणखणीत आवाजात सुरू केलं.

"थांब गं फेतू. दिसत नाही, मी काम करतेय? बाळाला हात लावू नकोस. माझं डोकं ठिकाणावर नाहीये आत्ता. जा, आजीकडे जा. जा म्हटलं ना!"

तोच सूर. तोच मध्ये सोडलेला सुस्कारा. लोक हसून लोटपोट झाले. पोरीची नक्कल त्यांना भारीच आवडली. फेतू हसू ओसरेपर्यंत थांबली, वाकली आणि आजीशेजारी जाऊन बसली.

दुपारी रीतीप्रमाणे मोठ्यांनी वाढायचं आणि पोरांनी आधी जेवायचं. वाइमोआनाने कोंबडी आणि नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं ताटात घेतली.

"आजी वाढतेय मला," फेतू म्हणाली. रागाने नाही, शेजारणीला सांगावं तशी.

तेवढ्यात पाळकीणबाई पंख्याने वारा घेत आल्या. "अगं, काय लिहिलंस पोरीचं! पोट दुखलं हसून. नाताळलाही असंच काहीतरी—"

"ते मी लिहिलेलं नाही."

"मग कुणी?"

"मी बोललेलं आहे ते. रोज."

पाळकीणबाईंचा पंखा थांबला.

"आणि नाताळचं मी करणार नाही. पुकारलंत तर तिथेच उभी राहून नाही म्हणेन."

मातालेनाच्या हातातला डाव पातेल्यात पडला. "आमचं नाव मातीत घालायला आलीस गं," ती पुटपुटली. आजूबाजूच्या बायका ताटांत बघू लागल्या. पाळकीणबाई दुसऱ्या पंगतीकडे वळल्या.

वाइमोआना चटईवर फेतूजवळ टेकली. फेतूने आपलं ताट उचललं, आजीच्या पलीकडे नेऊन ठेवलं आणि खाली मान घालून जेवू लागली. वाइमोआना तिथेच बसून राहिली. आता तिला उठायला कुठलंही काम नव्हतं.