सरकलेला किनारा

नवरा, व्हर्लिन, गेल्यानंतरचा पहिला हिवाळा आर्डिस लिंडक्विस्टने खिडकीपाशी बसून काढला. मिनेसोटाच्या उत्तरेकडचा हिवाळा लवकर हलत नाही, आणि एकटीच्या घरात तर तो अंगावरच येतो. दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर ती वाचनालयातल्या जलरंगांच्या वर्गाला जाऊ लागली. ओल्या कागदावर निळा रंग सोडायचा आणि तो पसरताना बघत राहायचं. तेवढा वेळ तिच्या डोक्यात दुसरं काही येत नसे. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत तिला गोळीशिवाय झोप लागायला लागली होती.

नणंदेला, मार्लिसला, या चित्रांचं भारी हसू यायचं. मार्लिस सत्तरीची, अंगाने दणकट. तळं गोठलं की तिचा मुक्काम बर्फावर. भोक पाडायचं, दोरी सोडायची आणि संध्याकाळपर्यंत वॉलाय माशांची वाट बघत बसायचं.

"उबेत बसून बर्फ काय रंगवतेस? बर्फावर येऊन रंगव की," डिसेंबरातल्या एका सकाळी ती म्हणाली. "माझ्या तंबूत शेगडी आहे."

"पाणी गोठेल माझं."

"मग व्होडका घाल त्यात. रंगही टिकेल आणि मीही."

आर्डिस हसली आणि तयार झाली. दोघींनी घसरगाडीवर सामान लादलं आणि किनारा बराच मागे पडेपर्यंत ती ओढत नेली. बर्फ अजून कोवळा होता, पण मार्लिसने ठिकठिकाणी भोकं पाडून जाडी पाहिली होती. माणसांचं वजन तो सहज पेलत होता. नारिंगी कापडाचा तंबू उभा राहिला. किनाऱ्याकडून झोंबरा वारा सुटला होता, पण आत शेगडी पेटल्यावर हातमोजे काढता आले. तंबूला पारदर्शक प्लास्टिकची खिडकी होती. आर्डिसने मांडीवर फळी घेतली आणि खिडकीतून दिसणारा किनारा रेखाटायला लागली. डावीकडे गावाची पाण्याची टाकी, तिच्या उजवीकडे लुथरन चर्चचं टोकदार शिखर, दोन्हींच्या मधे मोकळं आभाळ, आणि खाली पाइनच्या झाडांची काळी रांग.

मार्लिस दोरी हलवत बसली होती. मधेच तिने रंगाच्या पाण्यासाठी आणलेल्या व्होडकाच्या बाटलीतला एक घोट घेतला.

"ते माझ्या ब्रशांसाठी आहे," आर्डिस म्हणाली.

"ब्रशांना काय कळतंय."

रेखाटन झाल्यावर आर्डिसने आभाळाला हलका राखाडी रंग दिला आणि तो सुकायला ठेवला. दोघींनी सँडविच खाल्लं, थर्मासमधली कॉफी प्यायली. मग झाडं रंगवायला म्हणून तिने पुन्हा कागद उचलला, खिडकीबाहेर पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. टाकी शिखराच्या फार जवळ दिसत होती. मधलं आभाळ बोटभरही उरलं नव्हतं.

आपलंच चुकलं असणार, तिला वाटलं. वर्गातल्या बाईही म्हणायच्या, तुम्ही अंतरं मोठी काढता. तिने पेन्सिलीने टाकीची जागा बदलली आणि काळा रंग कालवायला घेतला. झाडांची रांग निम्मी झाली तेव्हा तिने मान वर केली. टाकीने शिखर जवळजवळ झाकलं होतं.



"मार्लिस, ती टाकी बघ. ती जागेवर नाही."

"टाकीला पाय फुटले का?"

"थट्टा करू नकोस. मी सकाळी काढलंय, हे बघ."

मार्लिसने कागद पाहिला, मग खिडकी, मग पुन्हा कागद.  तिची नजर भोकाकडे गेली. दोरी सरळ खाली जात नव्हती. तिरकी होऊन भोकाच्या काठाला घासत होती.

"मला वाटलं मासा खेळतोय," ती हळूच म्हणाली. तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "कोट घाल."

बाहेर वाऱ्याने दोघींना पाठीमागे ढकललं. घसरगाडीचा माग दिसत होता, किनाऱ्याच्या दिशेने सरळ गेलेला. दोघी मागोमाग चालत निघाल्या. मार्लिस पुढे, हातातल्या लोखंडी पहारीने ठोकत. निम्म्याहून कमी अंतर गेल्या असतील, तोच ती थांबली.

माग संपला होता. पुढे काळं पाणी होतं, रस्त्याहून रुंद, त्यावर वाफ तरंगत होती. पलीकडच्या बर्फावर तोच माग पुन्हा सुरू होऊन घराकडे गेला होता. दोघी बघत असतानाच पलीकडचा काठ थोडा आणखी लांब गेला. आवाज अजिबात झाला नाही. आर्डिसला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली.

"बर्फ सुटलाय किनाऱ्यापासून. मागे हो. काठाजवळ नको," मार्लिस म्हणाली.

आर्डिसचा फोन आतल्या खिशात होता. हातमोजा दातांनी ओढून तिने आकडे दाबले. अखेर तातडीच्या नंबरावर एका बाईचा शांत आवाज आला. बर्फाच्या तुकड्याच्या मधोमध थांबा, एअरबोट निघतेय, असं ती म्हणाली. एअरबोट म्हणजे मागे मोठा पंखा असलेली सपाट होडी, बर्फावरून आणि पाण्यातूनही जाणारी. पण फोनवरून तिला जागा नीट कळत नव्हती. निम्मं तळं दाखवतोय, ती म्हणाली. तुम्हाला काय दिसतंय?

आर्डिसने किनाऱ्याकडे पाहिलं.

"टाकीच्या बरोबर मागे चर्चचं शिखर आहे," तिने सांगितलं. "सकाळी टाकी बरीच डावीकडे होती. किनाऱ्याकडे तोंड केलं तर आम्ही डावीकडे वाहत जातोय आणि लांबही. त्या दोन्हींची रेघ धरून या, आणि मग अजून डावीकडे. ऐकलंत ना? अजून डावीकडे."

"टाकी आणि शिखर एका रेघेत, मग तुमच्या डावीकडे," बाई म्हणाली. त्यानंतर फोन गारठून बंद पडला.

थोड्या वेळात बर्फ पडायला लागला. आधी शिखर गेलं, मग टाकी, मग झाडं. चारी बाजूंना नुसतं पांढरं उरलं, आणि त्यात एक नारिंगी तंबू. निदान वारा तरी लागणार नाही म्हणून दोघी तंबूत परतल्या. शेगडीपाशी बसल्या, पण ऊब जाणवेना.

"मी तुला आणलं इथे," मार्लिस म्हणाली.

"मी काय लहान आहे?"

"व्हर्लिनने मला बडवून काढलं असतं."

"आधी मला," आर्डिस म्हणाली. तिचे दात वाजत होते.

तेवढ्यात बंदुकीचा बार व्हावा तसा आवाज झाला आणि पायाखालून हादरा गेला. मासेमारीच्या भोकातून एक बारीक रेघ निघाली, शेगडीच्या खालून गेली आणि तंबूच्या कापडाखाली नाहीशी झाली. दोघी तिच्याकडे बघत राहिल्या. रेघेत पाणी चमकलं.

"बाहेर," मार्लिस म्हणाली. "सामान राहू दे."

तिने शेगडी विझवली, तंबूचे खुंटे उपटले आणि जाड बाजूच्या बर्फावर कापड ओढून घेतलं. आर्डिसचे रंग, फळी, ब्रश सगळं भेगेपलीकडे राहिलं. रुंदावणाऱ्या भेगेतून खुर्ची आत कलंडताना तिने पाहिली आणि मान फिरवली. तंबूचं कापड पांघरून दोघी एकमेकींना धरून बसल्या. पुढचा आवाज आपल्या खालीच होणार, हे आर्डिसला पक्कं वाटत होतं. ती श्वासही जपून घेत होती, जणू तेवढ्यानेही बर्फ फुटेल. मार्लिस पुटपुटत होती. प्रार्थना नव्हती ती. शाळेतल्या सोबतिणींची नावं ती एकापुढे एक घेत होती.

मग घरघर ऐकू आली. जवळ आली, बाजूने गेली आणि विरत गेली. आर्डिस ओरडली, पण त्या पंख्यापुढे तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार? मार्लिस ताडकन उठली. "ते टोक धर," ती म्हणाली. दोघींनी नारिंगी कापड उंच ताणलं. वाऱ्याने ते शिडासारखं फुगलं, आर्डिसचे पाय घसरायला लागले, तरी तिने सोडलं नाही. घरघर पुन्हा वाढली. पांढऱ्यातून एक काळी सावली आली आणि होडी झाली.

टोलेफसन नावाच्या तरुण पोलिसाने त्यांना काखेत धरून होडीत चढवलं. "रेघ धरून आलो आणि तुम्हाला ओलांडून पुढे गेलो," तो म्हणाला. "वळल्यावर हे नारिंगी दिसलं." मार्लिसला त्याला काहीतरी टोमणा मारायचा होता, हे आर्डिसला दिसलं. पण तिने होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

किनाऱ्यावर उतरल्यावर आर्डिस जमिनीवर उभी राहूनही पाय जपूनच टाकत होती. पुढे कितीतरी दिवस लाकडी जमीन करकरली की ती जागीच थबकायची.

नाताळानंतर तिने नवे रंग आणले. पण आता ती रस्त्याकडच्या खोलीत बसायची. तळ्याकडचे पडदे ओढलेलेच असत. जानेवारीत बर्फ इतका जाड झाला की त्यावर ट्रक धावायला लागले, तेव्हा मार्लिस दारात उभी राहिली. "जाऊन येते," ती म्हणाली. तिच्याही तोंडाचा रंग उडालेला होता. "आज गेले नाही तर मी पुन्हा कधीच जाणार नाही."

आर्डिसने तिला अडवलं नाही. मार्लिस गेल्यावर तिने तळ्याकडचा पडदा बाजूला केला आणि खुर्ची ओढून बसली. दूर बर्फावर एक ठिपका होता. कागद पुढ्यात कोराच राहिला, आणि ठिपका किनाऱ्याकडे वळेपर्यंत तिने त्याच्यावरची नजर काढली नाही.