तुतवाराच्या पायातलं कडं

वेणूला सातवा महिना लागला तरी डोहाळे सरेनात. आता म्हणे तुतवार पाखरांचा रस्साच हवा! आधीची दोन बाळंतपणं वाया गेलेली, तेव्हा सून मागेल ते द्यायचं, हे सासूने, गोदूने, ठरवूनच टाकलेलं. वेणूच्या नवऱ्याने, काशीरामने, गव्हाणच्या मिठागरात फासे लावून दोन पाखरं आणली. वेणूने वाटी चाटूनपुसून खाल्ली.

सकाळी केर काढताना गोदूच्या हाती पाखराचा तोडलेला पाय आला. त्यात पत्र्याचं कडं, कड्यावर अक्षरं! गोदूच्या पायाखालची वाळूच सरकली. देवाला सोडलेल्या बोकडाच्या गळ्यात गावात अशीच खूण बांधतात, त्याला हात लावायची कुणाची छाती होत नाही. आणि इथे पोटुशी सून खाऊन बसली होती.

पनवेलच्या पोस्टमास्तरांनी कडं डोळ्यांजवळ धरून वाचलं. "मुंबईला कळवा, असं इंग्रजीत लिहिलंय."

"मुंबईला कुटल्या देवाला?"

"देवाचं नाव नाही हो, नंबर आहे. मी टाकतो एक कार्ड."

देवाला नंबर कशाला लागतो? गोदूचं डोकं चालेना. मुंबईत देव काय थोडे आहेत! शेवटी तिने गावची रीत धरली: देवाचं जनावर चुकून मारलं, तर त्याच खुणेचं दुसरं सोडायचं. काशीरामने एक तुतवार जिवंत धरून आणला, तेच कडं पकडीने त्याच्या पायात दाबलं. गोदूने हळदकुंकू वाहून पाखरू खाडीवर सोडलं आणि घरी येऊन सगळे फासे चुलीत घातले.

पंधरवड्याने गळ्यात दुर्बीण अडकवलेला साहेब मुंबईहून आला. कडं दुसऱ्याच पाखराच्या पायात गेलं, हे ऐकून त्याने कपाळाला हात लावला.

"अहो, देवबिव काही नाही! ही कडी आम्हीच घालतो. पाखरं कुठल्या मुलखातून येतात, किती उरलीत, ते कळावं म्हणून. कमी होत चाललीत ती."

काशीरामची कळी खुलली. "देवाचं नाय? मंग उद्याच नवे फासे वळतो! तोंडाला चव नाय किती दिस."

एकदा काशीरामकडे, एकदा मिठागरात चरणाऱ्या पाखरांकडे पाहून साहेब चाचरत म्हणाला, "नाही, म्हणजे... देवाचीच आहेत तशी."

गोदू पार गोंधळली, मग भडकली. घटकेपूर्वी देव नव्हता, आता आहे! काय शिकलेली माणसं ही! तिने वेणूला हाताला धरून पुढे ओढलं.

"सायेब, काय ते एक सांगा. देवाचं नसंल तर माजी सून सुटली. देवाचं असंल तर आमचं पाप फिटलं का? पोर जगंल का?"

साहेब वेणूच्या पोटाकडे बघतच राहिला.

"सांगा ना!"

"जगेल," तो कसाबसा म्हणाला.

गोदूने रडत त्याच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि साहेब दचकून मागे सरला.