समोरच्या काठावरचा उजेड

नवऱ्याकडून काम करून घ्यायचं तर आधी त्याला चहा पाजावा लागतो, हे नूपुरला लग्नानंतर लगेचच कळलं होतं. सावनेर रोडवरच्या टपरीवर दोन कट चहा पाजल्यावरच तिने अनिशच्या हाती रिफ्लेक्टरची पिशवी दिली. आत घडी घातलेलं चकचकीत चंदेरी कापड होतं. उघडलं की परातीएवढं गोल व्हायचं.

"खदानीला वळसा घालून समोरच्या काठावर जा. तिथलं ऊन यात पकड आणि उन्नतीच्या तोंडावर पाड. जमेल?"

"बँकेतून सुट्टी घेऊन परात धरायला आलो," अनिश म्हणाला. "बाबांना सांगू नको." आणि कुरकुरत गेला.

दगडाची ही खदान बंद पडून बरीच वर्षं झाली होती. खाली हिरवं पाणी साचलेलं आणि त्यावर काळ्या पत्थराची उभी भिंत. दुपार कलली की सूर्य भिंतीच्या मागे जायचा. आभाळ पांढरंफटक, भिंत काजळासारखी. आभाळ सांभाळावं तर चढणारी मुलगी कोळसा होई. मुलगी सांभाळावी तर आभाळ जळून जाई. दोन रविवार नूपुर असे कोळसेच घेऊन प्रताप नगरच्या घरी परतली होती. उन्नती आता स्पर्धेला बाहेरगावी निघाली होती, म्हणजे आज नाही तर नाहीच. नूपुरला तो फोटो हवा होता. स्वतःचीच लाज वाटावी इतका हवा होता.

उन्नती चढू लागली. तिचा भाऊ सौरव खाली उभा राहून तिचा दोर सांभाळत होता. भिंतीत ठोकलेल्या एकेका बोल्टात दोर अडकवत ती वर जाई. हात सुटलाच तर शेवटचा बोल्ट तिला तोलून धरणार. बोल्टांची रांग डावीकडून सरळ वर गेली होती. उजवीकडचा पत्थर जुन्या सुरुंगांनी पिचलेला होता, तिकडे कोणी हात लावत नसे.

नूपुरने पाण्याच्या काठाशी उभं राहून कॅमेरा डोळ्याला लावला, आणि उजेड आला.

मऊ, सोनेरी, नेमका उन्नतीच्या गालावर. वा रे पठ्ठ्या, नूपुर मनात म्हणाली. चहाचा कप बशीत न सांडता धरता न येणारा माणूस, आणि आज त्याचा हात जरासुद्धा हलत नव्हता.

"ताई, भाऊजीनं लय भारी उजेड धरला!" वरून उन्नती ओरडली. "सगळ्या पकडी दिसून राहिल्या मले!"

नूपुरला ती किंचित उजवीकडे हवी होती, भिंतीची कड आभाळाला चिरते तिथे. तिने तोंडातून शब्दही काढला नाही, फक्त लेन्स थोडी उजवीकडे वळवली. उजेड अलगद उजवीकडे सरकला. ज्या खाचेवर तो पडला त्या खाचेत उन्नतीचा हात गेला. अजून थोडं, नूपुरला वाटलं. उजेड अजून थोडा सरकला. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या मनातलं याला आजच कळलं, असं म्हणत ती फोटोवर फोटो काढत राहिली.

"नूपुर."

हाक मागून आली. अनिश उभा होता. पँटला कुसळं चिकटलेली, रिफ्लेक्टर अजून पिशवीतच.

"तिकडची वाट पावसात वाहून गेली आहे. अर्ध्यातून परत आलो. फोन लागून नाही राहिला." मग त्याने वर पाहिलं. "हा उजेड कोण पाडून राहिलं?"

नूपुरने समोरचा काठ पाहिला. तिथे कोणी नव्हतं. इतकंच नाही, तिथलं ऊनही केव्हाच गेलं होतं. आणि तेव्हाच तिच्या ध्यानात आलं की उन्नती बोल्ट सोडून पार पिचलेल्या पत्थरावर गेली आहे.

"उन्नती, मागे फीर!" ती ओरडली. हातातला कॅमेरा खाली आला, आणि उजेड गेला.

"ताई, उजेड काहून काढला?" उन्नतीचा आवाज बारीक झाला होता. "काहीच दिसून नाही राहिलं." तिच्या पायाखालून एक दगड सुटला आणि पाण्यात पडला.

सौरवने दोर ताणून धरला. "मले वाटलं तुम्हीच तिकडं पाठवून राहिल्या. आता खाली घेता येत नाही ताई. दोर सोडला तर झुलून त्या पत्थराच्या धारेवर आपटन."

नूपुरला समजलं. समजायला नको होतं, पण समजलं. तिने कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला आणि उजेड उन्नतीच्या चेहऱ्यावर आला. भेदरलेले डोळे, घामाने चिकटलेले केस, मागे जळतं आभाळ. आयुष्यात एकदाच मिळावा असा फोटो होता तो. नूपुरचं बोट बटणावर टेकलंसुद्धा. मग ओठ चावून तिने लेन्स त्या चेहऱ्यावरून काढली आणि डावीकडच्या रिकाम्या दगडावर नेली. उजेड तिकडे गेला.

"उन्ने, उजेड जिथे आहे तिथेच हात टाक. दुसरीकडे पाहूच नको."

कॅमेरा जड होत होता, कोणी उजवीकडे ओढावा तसा. नूपुरने दोन्ही कोपर पोटाशी दाबून धरले. उजेड, हात. उजेड, पाय. असं करत करत उन्नती बोल्टाच्या रांगेत आली आणि सौरवने तिला हळूहळू खाली घेतलं. तिचे पाय जमिनीला लागले तसा तो तिला शिव्या द्यायला लागला, आणि देता देताच रडला. अनिश धावत त्यांच्याकडे गेला.

नूपुरने लेन्सला झाकण लावलं, कॅमेरा बॅगेत घातला आणि चेन ओढली. भिंत काळी झाली. तिला फार हलकं वाटलं.

मग तिच्या गालाला ऊब लागली. मऊ, सोनेरी, जराही न हलणारा उजेड. आजवर तिने कितीजणांना असं टिपलं होतं. फोटो काढायला टपलेल्या माणसाची ही नजर तिला ओळखता येत होती. कोणाला तरी ती किंचित पुढे हवी होती. अगदी थोडी.

"नूपुर! कुठे चालली?" अनिश जिवाच्या आकांताने ओरडला.

कुठेच नाही, ती म्हणणार होती. ती होती तिथेच उभी होती. फक्त पाणी कंबरेच्या वर आलं होतं.