लोखंड काकूकडे, ॲल्युमिनियम मावशीकडे

ट्रकच्या इंजिनातली काजळी तुम्ही पाहिली नसेल तर तुमचं फार काही बिघडलेलं नाही. मी रोज पाहते. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, आतल्या वाटांमध्ये, व्हॉल्व्हच्या मानेभोवती, पिस्टनच्या डोक्यावर ती अशी ऐसपैस बसलेली असते, जणू घर तिच्याच नावावर आहे. काही फिटर अजूनही ती स्क्रूड्रायव्हरने खरवडतात. ते पाहिलं की माझं डोकं फिरतं. खरवडल्यावर धातूला ओरखडे पडतात, आणि त्या ओरखड्यांत नवी काजळी आणखी घट्ट बसते. म्हणून आमच्या वर्कशॉपात खरवडायला सक्त मनाई आहे. आमच्याकडे काजळी औषधाने सुटते.

औषधाच्या टाक्या दोन. पहिलीत कॉस्टिक सोड्याचं गरम पाणी. त्यात लोखंडी हेड सोडलं की काजळी, जुनं तेल, रंग, सगळं पार निघून जातं. पण त्याच टाकीत ॲल्युमिनियम पडलं तर पाणी फसफसून वर येतं आणि धातूच खाऊन टाकतं. चांगला पिस्टन चाळणीसारखा होऊन बाहेर येतो. म्हणून ॲल्युमिनियमसाठी दुसरी टाकी. तिच्यातलं औषध सौम्य, वेळ फार घेतं, पण कुणाला दुखवत नाही.

मी धुलाईच्या कामाला लागले तेव्हा कुठला भाग कुठल्या टाकीत जातो हे माझ्या डोक्यात बसावं म्हणून काकांनी एक युक्ती काढली. गरम टाकीवर हात आपटून म्हणाले, “ही काकू.” दुसरीकडे बोट दाखवून म्हणाले, “ती मावशी. लाडावलेलं ॲल्युमिनियम मावशीकडे द्यायचं. लोखंड काकूकडे. आता विसरून दाखव.”

विसरणं शक्यच नव्हतं. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते, वडील त्याच्या आधीच गेलेले. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं, त्यांनी मला घरी आणलं. माझी मावशी पुलापलीकडे राहते. ती यायची ती नवे फ्रॉक घेऊन, गालाचे पापे घेत, आणि मी काहीही केलं तरी “असू दे गं, लेकरू आहे” म्हणत. मावशी गोडच आहे, त्याबद्दल वाद नाही. काकूचं मात्र सगळं रोखठोक. केस विंचरताना डोकं हललं की टपली. पाढा चुकला की पहिल्यापासून. खोटं बोललं की दिवसभर अबोला. तिच्या तोंडाला लागायची हिंमत गल्लीत कुणाची नव्हती, काकांची तर नव्हतीच. काका खाली वर्कशॉपात वाघ असतात, पण जिना चढून वर घरात आले की चपला कुठे काढायच्या हेसुद्धा विचारून काढतात.

तर टाक्यांची ही नावं सगळ्यांच्या तोंडी बसली. “काकू तापली का?” “हेड काकूतून काढ.” “मावशी आज फार गढूळ झालीय.” खुद्द काकूला यातलं काही माहीत नव्हतं, कारण खालचा वास तिला सोसत नाही आणि ती कधी वर्कशॉपात उतरत नाही. आणि इतक्या वर्षांत तिला सांगायला कुणाची जीभ रेटली नाही.

मग तो मिशीवाला ड्रायव्हर आला. चढावर त्याचा ट्रक दम टाकत होता आणि मागे काळा धूर सोडत होता. त्याने इंजिन आपल्या डेपोतच उघडलं, सकाळी हेड आमच्याकडे आणून टाकलं, आणि पिस्टन घ्यायलाच विसरला. दुपारी तो पिस्टनची पिशवी घेऊन परत आला तेव्हा फिटर जेवायला गेले होते आणि मी काकांबरोबर गॅस्केट आणायला बाजारात. त्याने फोन केला.

“ताई, पिस्टन कुणाकडे देऊ?”

दुकानात ही गर्दी, दुकानदार चुकीचं गॅस्केट माझ्या गळ्यात मारत होता, माझा पारा चढलेला. मी म्हणाले, “मावशीकडे द्या. आणि हे बघा, काकूच्या आसपासही नेऊ नका. काकू खाऊन टाकेल.”

“खाऊन टाकेल?”

“भोकं पाडेल हो! आधी एकदा असंच झालंय. मावशीच बरी.”

माणूस नवा आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं, माणूस दिसेना, म्हणून सरळ जिना चढून आमचं दार वाजवलं. पुढचं मला त्यानेच सांगितलं, कानाची पाळी धरून.

काकूने दार उघडलं. त्याने विचारलं, “आपण मावशी का?”

“नाही. मी काकू.”

तो दोन पायऱ्या खाली सरकला आणि पिशवी त्याने छातीशी धरली. “मग नको. तुमच्या आसपासही नेऊ नका म्हणून ताईंनी बजावलंय.”

“का?”

आता इथे कुणीही शहाण्या माणसाने थाप मारली असती. हा पठ्ठ्या प्रामाणिक निघाला. “तुम्ही खाऊन टाकता म्हणाल्या. भोकं पाडता. आधी एकदा झालंय म्हणे.”

काकूने त्याला शांतपणे मावशीचा पत्ता सांगितला. पूल ओलांडून डावीकडे, हिरवं फाटक. तो बिचारा गेलासुद्धा. संध्याकाळी मावशीचा फोन आला, आवाजात नुसतं कौतुक. “अगं, कसली जड भांडी पाठवलीस! मी साबणाने घासून उन्हात ठेवलीत. पण तळाला काळं राहिलंय बाई थोडं.” मी कपाळावर हात मारला. तोपर्यंत वर काय शिजतंय याची मला कल्पना नव्हती.

जेवायला बसले तर काकू म्हणाली, “तुम्हाला पोळी वाढू का?”

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, कुणी पाहुणा आलाय. मागे भिंत होती. काकूने मला आयुष्यात कधी ‘तुम्ही’ म्हटलं नव्हतं. ती रागावली की ‘तू’चा ‘गं’ होतो, ‘गं’चा ‘भवाने’ होतो, पण ‘तुम्ही’ म्हणजे हद्द झाली. काका ताटात इतके वाकले की मला त्यांचं फक्त टक्कल दिसत होतं.

जेवण झाल्यावर तिने माझ्या खोलीच्या दाराशी बॅग आणून ठेवली. माझेच कपडे, इस्त्री करून, घडीवर घडी. कामाचे वेगळे, बाहेरचे वेगळे. एका शर्टाचं तुटकं बटणही लावलेलं होतं.

“मावशीकडे राहायला जा,” ती म्हणाली. “मावशीच बरी. इथे उगाच कुणी खाऊन टाकायला नको.”

“काकू, ते टाकीचं नाव आहे!”

“समजलंय मला. ड्रायव्हर परत आला होता, खाली फिटरांकडून कळलेलं त्याने सगळं सांगितलं. टाकीला माझं नाव का दिलं तेही समजलं. मी काही एवढी मठ्ठ नाही.”

मी काकांकडे पाहिलं. नाव त्यांनी ठेवलेलं. पण ते गॅलरीत जाऊन, आयुष्यात पहिल्यांदाच, कुंड्यांना पाणी घालत होते. कुंड्यांत रोपंही नव्हती. असा संताप आला मला! दोघांचाही, आणि त्या प्रामाणिक मिशीवाल्याचाही. पण बॅगेवर हात ठेवला आणि सगळा राग कुठल्या कुठे गेला. हे घर सोडून मला एक पाऊलही टाकायचं नव्हतं. मावशीकडे माझे लाड झाले असते, पण माझं घर हे होतं.

सकाळी मी काकूला म्हणाले, “जाते मावशीकडे. पण त्याआधी तू एकदा खाली चल. ज्या टाकीला तुझं नाव आहे ती बघ तरी.”

“मला वासाने मळमळतं.”

“रुमाल लाव.”

ती आली. नाकाला रुमाल, कपाळाला आठ्या, पाऊल टाकायच्या आधी जमीन बघत. फिटरांनी हातातली कामं टाकली आणि सगळे एकदम बाहेर चहाला निघून गेले. काकाही त्यांच्यातच मिसळून सटकले.

काकूला मी दूर दाराशी उभं केलं. गॉगल लावला, लांब हातमोजे चढवले, रबरी एप्रन बांधला आणि चेन ओढून मिशीवाल्याचं हेड टाकीतून वर घेतलं. रात्रभर भिजलं होतं. काळं पाणी ओघळत होतं. मग मी त्यावर पाण्याचा जोरदार फवारा सोडला. काजळीचे पापुद्रे सुटून गटाराकडे वाहायला लागले आणि खालून करडं लोखंड उघडं पडलं, ओतताना साच्यातून उमटलेल्या आकड्यांसकट.

रुमाल नाकाला धरूनच काकू दोन पावलं पुढे आली.

“हेच मावशीत टाकलं असतं तर?” तिने विचारलं.

“वरचं तेल निघालं असतं. आतलं तसंच राहिलं असतं.” मी टॉर्च घेतला आणि दोन व्हॉल्व्हच्या मधली जागा तिला दाखवली. तिथे केसाएवढी बारीक भेग होती. “ही बघ. काजळीखाली लपली होती. कळली नसती तर असंच बसवलं असतं, आणि कुठल्यातरी चढावर भर रस्त्यात हा माणूस अडकला असता. मावशीला ही भेग कधीच दिसली नसती, काकू. काकांनी तुझं नाव दिलं ते टाकी जहाल आहे म्हणून, हे खरंच आहे, मी खोटं बोलणार नाही. पण या वर्कशॉपाचं नाव झालंय ते या टाकीमुळे. मावशीमुळे नाही.”

मला वाटलं होतं, एवढ्यावर ती पाघळेल. रात्रभर मी हेच बोलणं मनात घोकलं होतं. पण काकू हेडकडे बघतच नव्हती. कोपऱ्यात एक जुना पिस्टन पडला होता, पूर्वी कुणीतरी चुकून गरम टाकीत टाकलेला. त्याच्या कडा खाल्लेल्या, अंगभर खड्डे. तिने तो उचलला आणि एका खड्ड्यावरून अंगठा फिरवला.

“हे माझ्यामुळे?”

“टाकीमुळे.”

“तेच ते.” तिने तो उलटा करून आतून पाहिला. मग म्हणाली, “यावर लिहिलेलं असतं का गं, हे लोखंड, हे ॲल्युमिनियम?”

“नाही. उचलून बघायचं. वजनावरून कळतं.”

“तुला घरी आणलं तेव्हा मलाही कुणी काही सांगितलं नव्हतं,” काकू म्हणाली. “एवढीशी पोर. आईवाचून आलेली. मी आधी कधी पोर वाढवलेलं नाही. तू कशाची आहेस हे मला कुठे माहीत होतं? मला एकच रीत येत होती, माझ्या आईने मला वाढवलं ती. तीच मी तुला लावली. तू लोखंडाची निघालीस, हे माझं नशीब.”

“म्हणजे मी टिकले ना, काकू.”

“टिकलीस ते दिसतंय मला. दुखलं का, ते विचारतेय.”

मी गॉगल वर केला. ‘छे, काहीतरीच काय’ हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ज्या बाईने मला खोटं बोलू दिलं नाही, तिच्याशी आता खोटं काय बोलायचं?

“हो,” मी म्हणाले. “कधीकधी फार दुखायचं.”

तिने मान हलवली. पिस्टन हळूच जागेवर ठेवला.

“मलाही,” ती म्हणाली. “तू झोपल्यावर.”

मला तिच्याकडे धावत जायचं होतं, पण माझ्या अंगभर कॉस्टिकचं पाणी होतं. एक थेंब उडाला असता तरी तिची कातडी भाजली असती. “थांब, पुढे येऊ नकोस,” मी ओरडले. मी एप्रन सोडला, हातमोजे उलटे करून काढले, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, मग पुन्हा एकदा धुतले. काकू तिथेच उभी होती. नाकावरचा रुमाल तिने डोळ्यांना लावला होता आणि वासाबद्दल एक अक्षर काढत नव्हती.

मी जाऊन तिला मिठी मारली.

“हळू गं, हाडं मोडशील माझी,” काकू म्हणाली, पण तिने स्वतःची पकड काही सैल केली नाही.