पहिली धार

मित्रांनो, मी छाटणीची एक जुनी कात्री आहे. शेतकी कॉलेजात शिकलेले लोक मला सिकेटर म्हणतात. माझं एक पातं धारदार, दुसरं जाड आणि वाकडं, मध्ये एक स्प्रिंग. मुठींचा लाल रंग आता फक्त खाचांमध्ये उरला आहे. हल्ली मी दुबईत राहते, अल मनखूलमधल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत. तिथे आठ कुंड्या आहेत. माझ्यासारखीला हे काम थोडंच आहे, पण रोज कोणीतरी मला हातात घेतं.

माझा जन्म कुठे झाला ते मला सांगता येणार नाही. पोलाद लालभडक तापवलं होतं आणि मग तेलात बुडवलं होतं, एवढं आठवतं. तिथून एका खोक्यात बसून मी अबुधाबीच्या एका हत्यारांच्या दुकानात आले. गुणवंत नावाच्या माणसाने मला उचललं, तीन-चार वेळा मिटून उघडून पाहिलं, खिशातल्या कागदाची कड कापली आणि मान हलवली. ते नुकतेच पुण्याहून आले होते आणि शहरातली झाडं सांभाळणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होते. सुपरवायझरने हातात कात्री घ्यायची नसते, पण ते घेत.

पुढची सव्वीस वर्षं मी त्यांच्या कमरेला लटकून काढली. रस्त्याकडेची बोगनवेल, व्हिलांची कुंपणं, चौकांमधला चाफा. उन्हाळ्यात पहाटे पाचला काम सुरू होई आणि दहा वाजता माझी मूठ चटका देऊ लागे. गुणवंत कापायचे ते नेहमी फांदीच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या जागेच्या वर, तिरकं. त्यांच्या हाताखालचा यूनुस नावाचा माळी म्हणायचा, "साहब, आपकी कैंची तो मक्खन काटती है." ही माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी शाबासकी.

सुट्टीच्या दिवशी त्यांची धाकटी मुलगी ईश्वरी कधीकधी साइटवर येई. नऊ वर्षांची असताना तिने दोन्ही हातांनी मला दाबून पहिली फांदी कापली. पुढे ती वनस्पतिशास्त्र शिकायला परदेशी गेली. गुणवंत निवृत्त झाले आणि पत्नी प्रमिलाबाईंसह मुलगा निनाद याच्याकडे, म्हणजे या अल मनखूलच्या घरी राहायला आले.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला न पुसताच एका पिशवीत टाकलं. शेवटच्या झाडाचा चीक माझ्या पात्यांवर तसाच होता. पिशवी खणात गेली आणि मी सहा वर्षं तिथेच राहिले. चीक आधी चिकट झाला, मग काळा. स्प्रिंगला गंज धरला. माझ्याबरोबर खणात काही संपलेले सेल आणि एका जुन्या कुलपाच्या किल्ल्या होत्या. कोणी मुद्दाम वाईट वागलं नाही. माझी आठवण निघण्यासारखं काही घडलं नाही, इतकंच.

या सहा वर्षांत ईश्वरीला नोकरी लागली ती पार पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला, कॅरिबियन समुद्रातल्या एका छोट्या बेटावर. तिथे अडीचशे वर्षांची एक जुनी इस्टेट आहे. उसाची शेतं, रम गाळण्याची भट्टी आणि भोवती मोठी बाग. लोक लांबून ती पाहायला येतात. ईश्वरी त्या बागेची प्रमुख झाली. गुणवंत मात्र सगळ्यांना सांगत, "मुलगी कॅरिबियनला असते, बोटॅनिकल गार्डनमध्ये." यूनुसला फोनवरही त्यांनी तेवढंच सांगितलं. रम हा शब्द घरात निघाला की ते उठून बाल्कनीत जात. कंपनीच्या पार्ट्यांनाही ते कधी गेले नव्हते.

चार वर्षांनी ईश्वरीचा करार संपत आला. पुढची पाच वर्षं तिथेच राहायचं का, हे तिला ठरवायचं होतं. तिने फोन केला. "बाबा, डिसाइड करायच्या आधी एकदा येऊन बघा ना. प्लीज."

गुणवंतांच्या मनात वेगळंच होतं. अबुधाबीतल्या एका ओळखीच्या लँडस्केप कंपनीत त्यांनी तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. समोर बसून सांगितलं की ती परत येईल, असं त्यांना वाटत होतं. म्हणून ते निघाले.

सामान भरताना प्रमिलाबाईंनी खण उघडला आणि मला एका जुन्या मोज्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवलं.

"ही कशाला आता?" गुणवंतांनी विचारलं.

"मोकळ्या हातांनी बागेत फिरता येत नाही तुम्हाला. खोलीत बसून राहाल नुसते."

दोन विमानं बदलून आम्ही बेटावर पोचलो. तिथल्या विमानतळावर एका अधिकारी बाईंनी मला मोज्यातून काढलं, काळा चीक पाहून नाक मुरडलं, कसलंतरी औषध फवारलं आणि जाऊ दिलं. मला त्या वेळी माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ईश्वरीने इस्टेट दाखवली. पवनचक्कीचा दगडी मनोरा, पाण्याचं मोठं चाक, रस उकळायच्या तांब्याच्या कढया एका ओळीत, सर्वांत मोठी आधी आणि सर्वांत लहान शेवटी. मालकाच्या बंगल्यापुढे उंच ताडांची रांग. प्रमिलाबाई सगळं विचारत होत्या. गुणवंत हात मागे बांधून चालत होते आणि पाण्याचे चर कुठून काढलेत तेवढं पाहत होते. भट्टीच्या दाराशी ते थांबले.

"तुम्ही या बघून. मी बाहेर आहे."

ते अर्धा तास उन्हात उभे राहिले. मी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत होते.

तिसऱ्या दिवशी ईश्वरीने त्यांना नर्सरीत नेलं. तिथे मिस एल्विरा नावाच्या वयस्कर बाई रोपं भरत होत्या. त्यांची आजी, पणजी याच इस्टेटीत राबली होती. गुणवंतांच्या पिशवीतून माझी मूठ बाहेर आलेली पाहून ईश्वरी हसली.

"अरे, ही अजून आहे? बाबा, काय अवस्था केलीय हिची."

तिने मला मिस एल्विरांच्या हातात दिलं. त्यांनी फळीवरची एक बाटली घेतली, फडक्यावर ओतली आणि मला पुसायला लागल्या. सहा वर्षांचा चीक पाण्यासारखा उतरला. खोलीभर उग्र वास पसरला.

"हे काय आहे?" गुणवंतांनी विचारलं.

"भट्टीतून पहिल्यांदा जे येतं ना, ते. ते पीत नाहीत, टाकूनच देतात. मग आम्ही टूल्स साफ करायला आणतो," ईश्वरी म्हणाली.

"पहिली धार," गुणवंत म्हणाले. "आमच्याकडे हीच पितात लोक."

आणि ते बाहेर निघून गेले.

ईश्वरी मला हातात घेऊनच त्यांच्या मागे गेली. ते पाण्याच्या चाकाजवळच्या कठड्यावर बसले होते. ती शेजारी बसली.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. वास."

तिने मला मांडीवर ठेवलं. मग तेच बोलले. "तुझा दिनकरकाका काविळीने गेला, असं आम्ही सांगतो. गेला काविळीनेच. ती कशाने झाली ते सांगत नाही."

"आईला माहिती आहे?"

"आईला माहिती आहे. तुम्हा मुलांना नाही." ते चाकाकडे पाहत होते. "शेवटी त्याने मला फोन केला होता. मी साइटवर होतो. आवाज ऐकूनच म्हटलं, उतरली की कर. त्याने परत केला नाही. आठ दिवसांनी तुझ्या काकूचा आला."

"आणि मी नेमकी इथे येऊन बसले."

"हो," गुणवंत म्हणाले.

मित्रांनो, तिथे ईश्वरीने काही समजावलं असतं तर मला वाटतं ते उठून गेले असते. तिने समजावलं नाही. ती म्हणाली, "मी इथे आलेय ती जमिनीच्या एका तुकड्यासाठी. पाच मिनिटं चला."

भट्टीच्या मागे खडकाळ उतार होता. गुलामगिरीच्या काळात उसाच्या कामाला न येणारी ही जमीन गुलामांना दिलेली होती. आठवडाभर मालकाचं शेत झालं की रविवारी ते इथे आपल्यापुरते कंद आणि भाज्या लावत. मालकांची बाग सगळ्यांना ठाऊक होती, या उतारावर नुसतं रान माजलं होतं. ईश्वरीने मिस एल्विरांना विचारून विचारून तो पुन्हा लावला होता. काय, कुठे, कोणाच्या घरचं, ते सगळं त्या बाईंच्या तोंडून. कडेला एक पाटी होती आणि तिच्यावर जुन्या कागदपत्रांत सापडलेली सत्तेचाळीस नावं होती. गुणवंतांनी ती सगळी वाचली. नुसती नावं होती, आडनाव एकालाही नव्हतं.

मग त्यांची नजर उताराच्या टोकाकडे गेली. "चाफा इथे कसा?"

"तो इथलाच आहे, बाबा. आपल्याकडे या बाजूनेच आला."

"चाफा?"

"चाफा."

त्यांनी आयुष्यभर चाफा आपला समजून लावला होता. ते झाडाजवळ गेले, एक फांदी खाली ओढली आणि त्यांचा चेहरा बदलला. हा चेहरा मला ठाऊक होता. टोकं काळी पडून मऊ झाली होती.

"कधीपासून?"

"दोन महिने. ऑफिसचं म्हणणं आहे, काढून टाका, खलास. बाकीच्यांना लागेल."

"कात्री दे."

त्यांनी पहिला काप घेतला. फांदीच्या गाभ्यात तपकिरी ठिपका दिसला. सड खाली उतरली होती. आणखी खाली कापायचं तर पातं आधी निर्जंतुक करायला हवं, नाहीतर मीच रोग पसरवणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"स्पिरिट आहे का?"

"तेच आहे, बाबा. दुसरं काही नाही."

गुणवंतांनी मला एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. वारा होता. झाडावरून एक फूल पडलं, तेवढा वेळ गेला.

"आण," ते म्हणाले.

फडकं त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं. प्रत्येक कापानंतर त्यांनी मला पुसलं. गाभा पांढरा दिसेपर्यंत आणि दूध वाहेपर्यंत ते खाली खाली येत राहिले. चौदा फांद्या झाल्या. सुरुवातीला ते श्वास धरून पुसत होते. पाचव्या-सहाव्या फांदीनंतर ते विसरले. माझं पातं तीस वर्षांपूर्वीइतकं हलकं चालत होतं.

शेवटी त्यांनी निरोगी फांद्यांचे अकरा तुकडे काढले. "आईझाडाचा भरवसा नाही. पोरं काढून ठेवलेली बरी. आठवडाभर सावलीत सुकू दे, मग लाव."

"मला माहितीय, बाबा. तुम्हीच शिकवलंय."

जेवणाआधी त्यांनी दोनदा साबणाने हात धुतले आणि तिसऱ्यांदा हुंगून पाहिले. प्रमिलाबाईंनी ते पाहिलं आणि कोरडा टॉवेल पुढे केला.

निघायच्या आदल्या दिवशी अकरा काड्या त्यांनी स्वतः लावल्या. काम संपल्यावर ईश्वरीने मातीचे हात झटकत विचारलं, "आई म्हणत होती, अबुधाबीत एक जॉब बघितलाय माझ्यासाठी."

"बघितला होता."

"मग?"

"त्यांना मिळेल कोणीतरी." मातीकडे बोट दाखवत ते म्हणाले, "इथे पाण्याचा चर वरून घे. मुळाशी साचतंय."

आम्ही दुबईला परत आलो. मी खणात गेले नाही. गुणवंतांनी माझ्यासाठी बाल्कनीत खिळा ठोकला. पावसाळ्यात तिकडे मोठं वादळ झालं आणि तो म्हातारा चाफा उन्मळून पडला. ईश्वरीने फोनवर सांगितलं तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले आणि कुंड्यांना दुसऱ्यांदा पाणी घातलं.

मागच्या शुक्रवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. निनादची मुलगी केया, आठ वर्षांची, आजोबांच्या शेजारी बसून पाहत होती. अकरापैकी नऊ काड्या जगल्या होत्या. आता त्यांच्या पाट्या करायच्या होत्या.

"बाबा, लेबलवर काड्या देणाऱ्याचं नाव लिहितात. तुमचं टाकते."

गुणवंतांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. "दिनकरचं टाक."

ईश्वरीने पेन उचललं. "स्पेलिंग सांगा," ती म्हणाली.

त्यांनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं.

मित्रांनो, कात्रीचं नाव कुठल्याच पाटीवर येत नाही आणि माझी तशी तक्रारही नाही. माझी विनंती छोटी आहे. काम संपलं की हत्यार पुसा, वाळवा, मग ठेवा. झिजण्याचं दुःख आम्हाला होत नाही. न पुसता बंद केलं की मात्र आतून खराब होत जातो आणि ते बाहेर कोणाला दिसत नाही. तुमच्या घरातही असा एखादा खण असेल. कधीतरी उघडून बघा.

फोन बंद झाल्यावर केयाने विचारलं, "आजोबा, हू इज दिनकर?"

निनाद सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्यानेही मान वर केली. गुणवंतांनी केयाला जवळ ओढलं.

"माझा धाकटा भाऊ," ते म्हणाले. "बस. सांगतो."